दोन नागपूरकर आणि युरोपातील हुकूमशाही

भंडारा जिल्ह्याच्या उत्तर भागात, तुमसरच्या पलीकडे, चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. हाताला काळा रंग लावणारा आणि वजनाला जड असा तो दगड. पोलादाच्या भट्टीत लोखंडातील प्राणवायू व गंधक यांचा दोष काढून टाकण्यास हा धातू लागतो. त्यावाचून चांगले पोलाद होत नाही. इंग्रजी अमदानीत भंडारा, बालाघाट व नागपूर या तीन जिल्ह्यांतील हा दगड आगगाडीने बंदरावर जाई आणि तेथून इंग्लंड, फ्रान्स, बेल्जम, जपान अशा पोलाद करणाऱ्या देशांत उतरे. १९२७ साली हिंदुस्थानातून निघालेले मँगनीज अकरा लाख टनांच्या घरात होते. १९३२ साली ते दोन लाख टनांच्या आसपास आले, आणि १९३७ साली पुन्हा दहा लाखांच्या वर गेले. या तीन आकड्यांत त्या वेळचा सारा युरोप दिसतो. पहिला आकडा बरकतीचा, दुसरा मंदीचा, तिसरा शस्त्रसज्जतेचा. तुमसरकडच्या खाणीवर टोपली वाहणाऱ्या मजुराला हिटलर अथवा मुसोलिनी यांची नावे ठाऊक असण्याचे काहीच कारण नव्हते; पण खाण बंद का पडली आणि पुन्हा उघडली का, याचे उत्तर त्यांच्या आणि त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या दरबारी होते.

दोन महायुद्धांच्या मधल्या वीस वर्षांत युरोपातील राज्यव्यवस्था कशी पालटली, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. तो पुस्तकी वाटू नये म्हणून त्याला नागपूरच्या दोन गृहस्थांची हकीकत जोडली आहे. भंडाऱ्याहून नागपूर अवघे चाळीस मैल. त्या नागपुरातून एक जण १९३१ साली रोमला गेले व हुकूमशहाच्या दिवाणखान्यात बसून आले. दुसरे १९३७ साली स्पेनला गेले आणि हुकूमशहाच्या बंदिवासात पडले. दोघेही एकाच वर्तुळातले. एकमेकांना चांगले ओळखणारे.

पहिले महायुद्ध १९१८ च्या नोव्हेंबरात संपले तेव्हा लोकशाहीचे दिवस आले असे सर्वांस वाटले. रशिया, जर्मनी, ऑस्ट्रिया-हंगेरी व तुर्कस्तान येथील चार सम्राट गेले किंवा जाण्याच्या वाटेवर होते. त्यांच्या मुलखांतून जी नवी राष्ट्रे उभी राहिली त्यांतील बहुतेकांनी उत्तमोत्तम राज्यघटना लिहिल्या. जर्मनीची वायमार येथे झालेली १९१९ ची घटना तर कायदेपंडितांनी नमुना म्हणून वाखाणली होती. आणि तरीही वीस वर्षे पुरी होण्याच्या आत काय झाले पाहा. हंगेरीत १९२० सालीच होर्थी नावाचा दर्यासारंग राज्यपालक होऊन बसला. स्पेनमध्ये १९२३ साली प्रिमो द रिव्हेरा या सेनापतीने सत्ता घेतली. १९२६ साली पोलंड, पोर्तुगाल व लिथुआनिया ही तीन राष्ट्रे लष्कराच्या हाती गेली. युगोस्लाव्हियात १९२९ च्या जानेवारीत राजानेच घटना गुंडाळून ठेवली. पुढे ऑस्ट्रिया, एस्टोनिया, लॅटव्हिया, बल्गेरिया, ग्रीस आणि शेवटी १९३८ साली रुमानिया. पूर्वेकडील नव्या राष्ट्रांपैकी एकटा चेकोस्लोव्हाकिया टिकला, तो म्यूनिकच्या कराराने बाहेरून मोडला जाईपर्यंत. पूर्वेस रशियात निराळ्या नावाची, परंतु तितकीच कडक एकपक्षी सत्ता होतीच.

या यादीतील पोर्तुगाल हे नाव आपल्याला दूरचे वाटण्याचे कारण नाही. १९२६ च्या लष्करी उठावानंतर अर्थशास्त्राचे एक प्राध्यापक, सालाझार, १९२८ साली अर्थमंत्री झाले व १९३२ साली मुख्य प्रधान. १९३० च्या वसाहत कायद्याने व १९३३ च्या घटनेने त्यांनी जी राजवट उभी केली ती गोव्याच्या मराठी व कोंकणी माणसांच्या उरावर १९६१ च्या डिसेंबरापर्यंत बसलेली होती. वृत्तपत्राचा मजकूर आधी सरकारी तपासनिसाकडे जाई, जाहीर सभेस बंदी होती. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावला सभा घेतली ती हीच बंदी मोडण्यासाठी. त्याच साली त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालातील पेनिशच्या किल्ल्यात पाठविले. म्हणजे युद्धांतरीच्या युरोपातील हुकूमशाही पाहण्यास मराठी माणसाला बोटीत बसण्याची गरज नव्हती. सावंतवाडीहून बैलगाडी पुरत होती.

या सर्व राजवटी सारख्या नव्हत्या. काही ठिकाणी केवळ जुने सरंजामदार व सेनापती पुन्हा गादीवर आले. लोकांनी घरी स्वस्थ बसावे एवढीच त्यांची अपेक्षा. इटली आणि जर्मनी यांचे तसे नव्हते. तेथे लोकांनी घरी बसून चालत नसे. मिरवणुकीत यावे, गणवेष घालावा, टाळ्या वाजवाव्या, मुलांना संचलनाला पाठवावे, आणि मनातूनही तसेच वागावे, अशी मागणी होती. फॅसिझमचे वेगळेपण ते हेच.

इटली युद्धात जिंकलेल्या बाजूस होती, पण तहात तिच्या पदरी अपेक्षेप्रमाणे मुलूख पडला नाही. सैनिक घरी परतले तो काम नाही, भाव दुप्पट-चौपट झालेले. १९१९ व १९२० साली संप झाले, उत्तरेकडील कारखाने कामगारांनी ताब्यात घेतले, खेड्यांत कुळे जमीनदारास जुमानीनात. रशियातील क्रांती ताजी होती. तेव्हा जमीनदार व कारखानदार यांना आपल्या गावी लेनिन येणार असे वाटू लागले. नेमक्या या वेळी पूर्वाश्रमीचे समाजवादी पत्रकार मुसोलिनी यांच्या काळ्या सदऱ्याच्या टोळ्या लाठ्या घेऊन बाहेर पडल्या. त्यांनी कामगारांच्या कचेऱ्या जाळल्या, पुढाऱ्यांना एरंडेल पाजून त्यांची विटंबना केली, काहींना ठार केले. आणि पोलीस बहुधा दुसरीकडे पाहत उभे राहिले. एरंडेलाची गोष्ट ऐकून श्रोत्यांस हसू येईल. ज्याला बाटलीभर पाजले जाई त्याला येत नसे.

१९२२ च्या ऑक्टोबर अखेरीस या टोळ्या रोमवर चालून गेल्या, ही हकीकत पुढे फार रंगवून सांगितली गेली. वस्तुतः ते वीस-तीस हजार लोक पावसात भिजलेले, अर्धवट शस्त्रे असलेले होते; राजाच्या सैन्याने मनावर घेतले असते तर त्यांना परतवणे कठीण नव्हते. प्रधानमंडळाने लष्करी कायद्याचा हुकूम तयार करून सहीसाठी नेला, आणि राजा व्हिक्टर इमॅन्युएल यांनी सही करण्याचे नाकारले. मुसोलिनी त्या मोर्चाबरोबर नव्हतेच. ते मिलानमध्ये थांबले होते. राजाचे बोलावणे आल्यावर रात्रीच्या गाडीने झोपण्याच्या डब्यातून रोमला आले आणि एकुणचाळिसाव्या वर्षी मुख्य प्रधान झाले. सत्ता जिंकली असे म्हणण्यापेक्षा ती त्यांच्या हाती ठेवली गेली, असे म्हणणे अधिक खरे.

पहिली दोन वर्षे पार्लमेंट चालू होते. दुसऱ्या पक्षांचे लोकही मंत्रिमंडळात होते. जाणत्या जुन्या पुढाऱ्यांचा हिशेब असा की, अधिकाराच्या जबाबदारीने हा मनुष्य आपोआप निवळेल. १९२३ साली निवडणुकीचा नवा कायदा झाला, त्याने ज्या यादीस पाव हिस्सा मते पडून ती सर्वांत पुढे राहील तिला दोन तृतीयांश जागा मिळाव्यात असे ठरले. १९२४ च्या एप्रिलमध्ये निवडणूक झाली. ३० मे रोजी समाजवादी सभासद जाकोमो मात्तेओत्ती यांनी भर सभागृहात उभे राहून त्या निवडणुकीतील दंडेली पुराव्यानिशी मांडली. दहा जूनला त्यांना रोमच्या रस्त्यावरून मोटारीत घालून पळविण्यात आले, आणि ऑगस्टमध्ये त्यांचे प्रेत सापडले. त्या वेळी मुसोलिनींचे आसन खरोखर डळमळले होते. विरोधी सभासद निषेध म्हणून सभागृह सोडून गेले व राजा काही करील याची वाट पाहत बसले. राजाने काही केले नाही. ३ जानेवारी १९२५ रोजी मुसोलिनींनी सभागृहातच जे घडले त्याची सर्व जबाबदारी आपल्या शिरावर घेत असल्याचे सांगितले, आणि कोणी बोट उचलले नाही. १९२६ च्या अखेरीस इतर पक्ष बेकायदा ठरले, विरोधी वृत्तपत्रे बंद झाली, गुप्त पोलीस आणि खास न्यायासन उभे राहिले. मोर्चापासून येथवर येण्यास चार वर्षे लागली. प्रत्येक पायरीवर अडविण्यास जागा होती.

आता महाराष्ट्राकडे वळू. आपल्या सुशिक्षित घरांत इटलीचे नाव प्रेमाने घेतले जाई, ते मुसोलिनीच्या कितीतरी आधीपासून. मॅझिनी व गॅरिबाल्डी ही नावे टिळकांच्या पिढीस पाठ होती, वि. दा. सावरकरांनी मॅझिनीच्या आत्मचरित्राचे केलेले मराठी भाषांतर १९०७ साली प्रसिद्ध झाले आणि सरकारने ते जप्त केले, त्यामुळे ते अधिकच वाचले गेले. परदास्यातून उठलेला, फुटीर संस्थाने जोडून एकराष्ट्र झालेला देश, अशी इटलीची मूर्ती मराठी वाचकाच्या मनात होती. १९२४ नंतर पुण्याचा 'केसरी' इटलीच्या नव्या राजवटीवर वारंवार लिहू लागला, तेव्हा वाचकाने हा नवा नायक जुन्या चष्म्यातूनच पाहिला. शिस्त, शेतीची सुधारणा, दलदलीचा निचरा, राष्ट्राचा मान, हे सारे त्याला दिसले. मॅझिनी प्रजासत्ताकवादी होता, राजाचा शत्रू होता, वृत्तपत्रे लिहून हद्दपारी सोसलेला मनुष्य होता. मुसोलिनीच्या राज्यात तो जिवंत असता तर पहिल्या आठवड्यातच तुरुंगात गेला असता, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात आली नाही. स्वतः गुलाम असलेल्या राष्ट्राला दुसऱ्याच्या बळाचे आकर्षण वाटते, आणि त्यातून ते बळ इंग्रजांना डोळे वटारणारे असले म्हणजे विचारूच नये.

डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांची रोमयात्रा या पार्श्वभूमीवर पाहावी लागते. मुंजे १८७२ साली बिलासपूर येथे जन्मले. धंद्याने नेत्रवैद्य, राजकारणात टिळकांचे अनुयायी, पुढे हिंदुमहासभेचे अध्यक्ष. तरुणपणी बोअर युद्धात वैद्यकीय पथकातून ते आफ्रिकेस जाऊन आले होते. हिंदी माणसाला शस्त्र धरता आले पाहिजे आणि लष्करातील अधिकाराच्या जागा मिळाल्या पाहिजेत, हा त्यांचा आयुष्यभराचा ध्यास. या विषयावर ते सरकारशी कौन्सिलात भांडले आणि लष्करी महाविद्यालयाच्या कमिटीवर बसूनही भांडले. ही तळमळ खोटी नव्हती, आणि तिला कारणही होते. कारण त्या काळी हिंदुस्थानच्या सैन्यात हिंदी अधिकारी बोटांवर मोजण्याइतके होते.

१९३० च्या नोव्हेंबरात लंडनला पहिली गोलमेज परिषद भरली तिला मुंजे गेले, आणि परतताना युरोपातील लष्करी शिक्षणसंस्था पाहाव्यात म्हणून इटलीत उतरले. १५ ते २४ मार्च १९३१ हे दिवस त्यांनी तेथे काढले. सैनिकी विद्यालये व व्यायामविद्यालये पाहिली. विशेष लक्ष दिले ते बालिल्ला या मुलांच्या संघटनेकडे. बालिल्ला हे १७४६ साली जेनोव्हा शहरात ऑस्ट्रियन शिपायांवर दगड फेकणाऱ्या एका मुलाचे टोपणनाव. ही संस्था १९२६ साली कायद्याने स्थापन झाली. आठ ते चौदा वर्षांच्या मुलांचा एक वर्ग, त्यापुढे अठरा वर्षांपर्यंतच्यांचा दुसरा. काळा सदरा, संचलन, कसरत, लुटुपुटीच्या बंदुका आणि नेत्याच्या नावाचा जयघोष. १९ मार्चला संध्याकाळी व्हेनेझिया राजवाड्यात मुसोलिनींनी मुंजे यांची भेट घेतली. मुंजे रोजनिशी लिहीत. तीत या भेटीचे तपशीलवार टिपण आहे. मुसोलिनींनी गोलमेज परिषदेविषयी विचारपूस केली, पाहिलेल्या संस्थांविषयी मत विचारले. मुंजे यांनी प्रशंसा केली आणि हिंदुस्थानलाही अशा संस्थांची गरज असल्याचे सांगितले.

यावरून मुंजे यांच्यावर एकट्यावर शिक्का मारणे न्यायाचे होणार नाही. १९२६ साली रवींद्रनाथ ठाकूर मुसोलिनींचे पाहुणे होते; इटलीतून बाहेर पडल्यावर, हद्दपार झालेल्यांच्या तोंडून खरी हकीकत ऐकल्यावर, त्यांनी जाहीर पत्र लिहून आपले मत स्पष्ट केले. १९३१ च्या डिसेंबरात महात्मा गांधीही मुसोलिनींना भेटले. सुभाषचंद्र बोसही पुढे भेटले. रोममधला तो भव्य दिवाणखाना परदेशी पाहुण्यांवर छाप पाडण्यासाठीच वापरला जात होता आणि इंग्रज मुत्सद्दीही त्यातून प्रसन्न मुद्रेने बाहेर पडत. जवाहरलाल नेहरू मात्र १९३६ च्या मार्चमध्ये, पत्नीच्या निधनानंतर परतताना, विमान रोमला थांबले असता, अधिकाऱ्यांनी पुष्कळ आग्रह करूनही भेटीस गेले नाहीत. त्या वेळी इटलीचे सैन्य अॅबिसीनियावर विषारी वायू टाकीत होते. पाहुण्याला काय दाखविले जाते आणि काय दाखविले जात नाही, हा खरा प्रश्न आहे. मुंजे यांना जी शाळा दाखविली गेली तिच्यात मुले कवायत करीत होती. वर्गात कोणते पुस्तक चालू होते, ते त्यांनी पाहिले की नाही कोण जाणे.

ते पुस्तक पाहण्यासारखे होते. १९२९ च्या कायद्याने इटलीच्या प्राथमिक शाळांतील सारी निरनिराळी क्रमिक पुस्तके रद्द होऊन सरकारने तयार केलेले एकच पुस्तक देशभर सुरू झाले. पहिल्या इयत्तेतील वाचनापासून गणितातील उदाहरणांपर्यंत नेत्याचे नाव. पुढची पायरी महाविद्यालयांची. मुंजे परतल्यावर पाच-सहा महिन्यांतच, १९३१ च्या उत्तरार्धात, विद्यापीठांतील प्राध्यापकांना राजाबरोबरच फॅसिस्ट राजवटीशी निष्ठेची शपथ घेण्याचा हुकूम निघाला. प्राध्यापक होते सुमारे बाराशे. नाही म्हणणारे निघाले अवघे डझनभर. त्यांत गणिती व्हितो व्होल्तेर्रा आणि प्राचीन इतिहासाचे पंडित गाएतानो दे सांक्तिस हे होते. त्यांच्या जागा गेल्या. उरलेल्या बाराशेंतील सारेच काही फॅसिस्ट नव्हते. कोणाला मुलींची लग्ने करायची होती, कोणाचे प्रयोगशाळेतील काम अर्धे राहिले होते, कोणी म्हणाले की, आपण गेलो तर आपल्या जागी खरेखुरे फॅसिस्ट येतील आणि विद्यार्थ्यांचे अधिक नुकसान होईल. हे शेवटचे कारण ऐकण्यास शहाणपणाचे वाटते. पण बाराशे जणांनी एकदम नकार दिला असता तर सरकार इतके प्राध्यापक आणणार कोठून होते?

जर्मनीची हकीकत अधिक परिचित असल्याने ती थोडक्यात. १९२३ च्या नोव्हेंबरात एका डॉलरला ४ लाख २० हजार कोटी मार्क असा भाव झाला. जन्मभराची शिल्लक एका पावाच्या किमतीची उरली. मध्यमवर्गाच्या मनातून ती भीती कधी गेली नाही. नंतरची पाच वर्षे बरी गेली, आणि १९२८ च्या निवडणुकीत हिटलरच्या पक्षाला केवळ १२ जागा मिळाल्या. मग मंदी आली. १९३० साली १०७ जागा. १९३२ च्या जुलैत २३०, त्या वेळी बेकारांची संख्या ६० लाखांच्या घरात होती. पण त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्या घटून १९६ झाल्या, हे सहसा कोणी सांगत नाही. लाट ओसरत असतानाच, ३० जानेवारी १९३३ रोजी, वृद्ध अध्यक्ष हिंडेनबुर्ग यांनी पापेन प्रभृती बड्या मंडळींच्या सल्ल्याने हिटलरला प्रधानपद दिले. येथेही तोच हिशेब होता की, याला आपण कह्यात ठेवू. लोकशाही मात्र त्याआधीच पोखरली गेली होती. १९३२ साली राइश्टागने अवघे ५ कायदे केले आणि अध्यक्षांच्या सहीचे वटहुकूम निघाले ६६. वटहुकुमाने राज्य चालते याची लोकांना सवय झाली होती. २३ मार्च १९३३ रोजी सर्वाधिकाराचा कायदा ४४४ विरुद्ध ९४ मतांनी मंजूर झाला. ते ९४ सोशल डेमोक्रॅट होते. सभागृहात गणवेषधारी टोळ्या उभ्या असताना त्यांचे पुढारी ओटो वेल्स बोलले. कम्युनिस्ट सभासद आधीच तुरुंगात किंवा भूमिगत होते. आदल्या तीन वर्षांत हे दोन पक्ष हिटलरपेक्षा एकमेकांशीच अधिक त्वेषाने झगडले होते.

दुसरे नागपूरकर म्हणजे गोपाळ मुकुंद हुद्दार; मित्रमंडळींत बाळाजी हुद्दार. जन्म १९०२ चा. १९२५ साली डॉ. केशव बळिराम हेडगेवार यांनी नागपुरात राष्ट्रीय स्वयंसेवक संघ स्थापन केला. मुंजे हे हेडगेवारांचे वडीलधारे, आणि १९२९ साली हुद्दार संघाचे पहिले सरकार्यवाह झाले. १९३१ साली बालाघाट येथील राजकीय दरोड्याच्या प्रकरणात ते पकडले गेले. बालाघाट म्हणजे भंडारा जिल्ह्याला लागूनच असलेला मुलूख. शिक्षा भोगून सुटल्यावर १९३६ साली वृत्तपत्रव्यवसायाच्या अभ्यासासाठी ते लंडनला गेले.

ते लंडनला पोहोचले तेव्हा स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले होते. तेथे निवडून आलेले प्रजासत्ताक सरकार होते. त्याविरुद्ध १९३६ च्या जुलैत सेनापतींनी बंड केले, आणि जनरल फ्रँको त्यांचे मुख्य झाले. मुसोलिनीने फ्रँकोच्या मदतीस लढाई संपेपर्यंत सत्तर हजारांवर सैनिक पाठविले, हिटलरने विमाने व वैमानिक. २६ एप्रिल १९३७ रोजी गेर्निका हे बास्क लोकांचे गाव बाजारच्या दिवशी विमानांतून बेचिराख झाले ते याच मदतीने. इंग्लंड-फ्रान्सने तटस्थता पाळली. तटस्थतेचा फायदा कोणास झाला हे उघड आहे. सरकारे आली नाहीत तेथे माणसे आली. पन्नासांहून अधिक देशांतील सुमारे ३५ हजार स्वयंसेवक आंतरराष्ट्रीय पलटणींत दाखल झाले. त्यांत इंग्लंडहून अडीच हजारांच्या आसपास, आणि त्यांत नागपूरचे हुद्दार. ते जॉन स्मिथ असे नाव घेऊन भरती झाले. इंग्रजांच्या पलटणीला प्रारंभी शापूरजी सकलातवाला या मुंबईच्या पारशी गृहस्थाचे नाव दिलेले होते, ही गोष्टही जाता जाता नमूद करण्यासारखी आहे.

१९३८ च्या वसंतात फ्रँकोच्या सैन्याने आरागॉन प्रांतात मोठी मुसंडी मारली. त्यात इटलीच्या पलटणी आघाडीवर होत्या. रोममध्ये १९३१ च्या मार्चमध्ये पाहुण्यांसमोर कवायत करणारी चौदा-पंधरा वर्षांची मुले या वेळी एकवीस-बावीस वर्षांची झाली होती. अशा मुलांनीच आता खऱ्या बंदुका खांद्यावर घेतलेल्या होत्या. एप्रिलच्या आरंभी गांदेसा येथे हुद्दार शत्रूच्या हाती पडले. त्यांना बुर्गोसजवळील सान पेद्रो द कार्देन्या या जुन्या मठात ठेवण्यात आले. त्या पडक्या मठात परदेशी स्वयंसेवकांपैकी सहाशेंवर कैदी कोंबले होते. उवा, उपासमार आणि क्षुल्लक कारणावरून काठीचा मार. हात वर करून फॅसिस्ट सलाम करण्याची सक्ती होती. जर्मनीचे गुप्त पोलीस येऊन कैद्यांचे जाबजबाब घेत, डोक्यांची मापे घेत. व्हायेखो नाखेरा नावाच्या लष्करी मनोवैद्याने या कैद्यांवर संशोधन चालविले होते. राजकीय मत हा मेंदूचा रोग आहे असे सिद्ध करण्याची त्यास हौस होती. कैद्यांनी आपल्या परीने यास उत्तर दिले. ज्याला जी विद्या येई तिचा त्याने वर्ग उघडला; भाषा, गणित, इतिहास असे विषय सुरू झाले; हाताने लिहिलेले एक वृत्तपत्र निघाले; पावाच्या तुकड्यांतून बुद्धिबळाची प्यादी घडली.

१९३८ च्या उत्तरार्धात ब्रिटिश कैद्यांबरोबर हुद्दार सुटले. लंडनमध्ये तेथील हिंदी मंडळींनी त्यांचा सत्कार केला, आणि वर्षअखेर ते मायदेशी परतले. त्याच साली सप्टेंबरात डॉ. अटल, सोलापूरचे डॉ. कोटणीस व नागपूरचे डॉ. चोळकर ही मंडळी जपानी आक्रमणाने जर्जर झालेल्या चीनकडे रवाना झाली होती. अटल स्वतः आधी स्पेनमध्ये काम करून आलेले. हुद्दार १९४० साली कम्युनिस्ट पक्षात गेले. जुन्या मित्रांचा व त्यांचा मार्ग वेगळा झाला. मुंजे यांनी १९३७ साली नाशिकला भोंसला मिलिटरी स्कूल स्थापन केले. त्यात इटलीचे अनुकरण किती आणि त्यांच्या स्वतःच्या जुन्या ध्यासाचा भाग किती, यावर अभ्यासकांत अद्याप मतभेद आहेत. मुंजे १९४८ साली निवर्तले.

मुंजे पाहून आले ते इटलीतील सैन्य १९४३ साली शरण गेले, आणि तो देश जर्मनांच्या टाचेखाली आला. तो सोडविण्यास जी सैन्ये लढली त्यांत मराठे होते. कुलाबा जिल्ह्यातील नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या खोऱ्यात मशीनगनची चौकी एकट्याने घेताना पडले, आणि नगरकडचे शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी पराक्रम केला. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यानंतर तीनच आठवड्यांत, २८ एप्रिलला, मुसोलिनी मारले गेले.

फ्रँको मात्र टिकले. १९७५ च्या नोव्हेंबरात ते मेले आणि १९७७ साली स्पेनमध्ये एकेचाळीस वर्षांनी पहिली मोकळी निवडणूक झाली. हुद्दार तेव्हा पंचाहत्तरीचे होते. १९८१ साली त्यांचे निधन झाले. त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९९६ साली, स्पेनच्या सरकारने हयात असलेल्या परदेशी स्वयंसेवकांना नागरिकत्व देऊ केले.